जिन्याची पहिली पायरी गोल का झाली?

बचत गटाच्या बैठकीत घरबांधणीचा विषय निघाला की ओटा, मोरी, न्हाणीघर यांवर आम्ही तासभर बोलतो. जिना मात्र सुताराचा किंवा गवंड्याचा विषय म्हणून सोडून देतो. पण एका हातात बादली आणि कडेवर मूल घेऊन त्यावर दिवसभर चढ-उतार करतो त्या आम्हीच. म्हणून आज लाकडी जिन्याच्या सर्वांत खालच्या, गोल टोकाच्या पायरीची गोष्ट सांगणार आहोत. ती इंग्लंडातली आहे.

आपल्या जुन्या वाड्यांत जिना मिरवायचा नसे. बरेचदा तो जाड भिंतीच्या पोटात दडलेला, अरुंद आणि उभ्या चढाचा. अठराव्या शतकातल्या लंडनच्या श्रीमंत घरांत नेमकं उलट होतं. दारातून आत आलं की पुढे जिना, आणि पाहुण्यांचा दिवाणखाना बहुधा पहिल्या मजल्यावर. घरमालकाची ऐपत जिन्याच्या पायथ्याशीच कळायची.

त्याआधीच्या शतकात तिथे कठड्याचे खांब जाडजूड असत आणि पायऱ्यांची टोकं तिरप्या फळीमागे झाकलेली असत. पुढे टोकं उघडी ठेवायची पद्धत आली, कठडा नाजूक झाला आणि खाली येऊन शंखासारखा वळसा घेऊ लागला. आता त्या वळशाखाली गोलाकार गज उभे करायचे तर त्यांना पाय टेकायला जागा हवी! मग पायरीच बाजूला लांबवली आणि तिचं टोक त्याच वळणानं घडवलं. हिला तिकडचे सुतार ‘कर्टेल’ म्हणतात. नुसत्या पाव वर्तुळाच्या साध्या गोलाईला ‘बुलनोज’, म्हणजे बैलाचं नाक. हे नाव आम्हाला फार आवडलं.

१७४५ साली अब्राहम स्वान या सुताराचं जिन्यांच्या नमुन्यांनी भरलेलं पुस्तक निघालं. तेच १७७५ मध्ये फिलाडेल्फियात छापलं गेलं आणि वास्तुकलेवरचं अमेरिकेत छापलेलं पहिलं पुस्तक ठरलं. पुढे पीटर निकल्सन या स्कॉटिश माणसानं, जो स्वतः फर्निचरचं काम शिकलेला होता, कठड्याच्या वळणांची भूमिती कामगारांना समजेल अशी मांडली.

कारागिरी बघा. जाड फळी वाकत नाही. म्हणून आत लाकडाचे तुकडे सरसानं चिकटवून गोल ठोकळा करायचा. पायरीची उभी फळी तेवढ्या भागापुरती मागून तासून कागदासारखी पातळ करायची, गरम पाण्यानं ओली करून ठोकळ्याभोवती गुंडाळायची आणि मागून पाचरी ठोकून ताणायची. समोरून बघणाऱ्याला वाटावं, लाकूड आपसूक वळलंय.

पण ही हौस वरपर्यंत जात नसे. वरच्या मजल्यांवर जिना अरुंद होत जाई, गज साधे होत. तिथे मोलकरणी झोपत. कोळसा आणि पाणी वर नेणं, राख खाली आणणं त्यांच्याच वाट्याला. ज्या पायऱ्या ओझं घेऊन सर्वांत जास्त चढल्या जात, त्यांवर सर्वांत कमी खर्च झाला. हे वाचून आम्हाला काही नवल वाटलं नाही.

तरी गोल पायरी म्हणजे निव्वळ दिखावा, असंही नाही. बाहेर आलेल्या पायरीतून कठड्याचा खांब आरपार खाली नेऊन तुळईला बांधता येतो, मग तो हलत नाही. नडगीला लागणारा कोपराही राहत नाही.

आजही कुणाला अशी पायरी बसवायची असेल तर एका बाजूला भिंत असताना एकच टोक गोल घ्यावं, दोन्ही बाजू मोकळ्या असल्या तर दोन्ही. समोरचं दार पायरीला अडत नाही ना, ते उघडून बघावं. आणि उंची सगळ्या पायऱ्यांची सारखीच हवी, कारण दोन पावलांत पायाला सवय लागते आणि एक पायरी जरी कमीजास्त झाली तरी माणूस अडखळतो. जुन्या फरशीवर नवी फरशी घातली की खालची पायरी तेवढी बुटकी होते. तेव्हा सुताराला माप देताना नवी फरशी आणि तिच्याखालचा माल, दोन्हींची जाडी आधी धरायला सांगा.