कुंपणावरची कोरांटी

बंगळूरची ख्याती उद्याननगरी म्हणून आहे. पण या ख्यातीचा इतिहास पुष्कळ अंशी दूरदेशीच्या झाडाफुलांचा इतिहास आहे. 1760 मध्ये हैदरअलीने लालबागेचा आरंभ केला आणि टिपूने परदेशांतून रोपे व बिया आणवून ती वाढविली. 1856 मध्ये ती सरकारी वनस्पती-उद्यान झाली. 1889 मध्ये तेथील काचगृहाची पायाभरणी झाली. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या पदरी काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेल 1908 मध्ये लालबागेत आले. एका झाडाचा बहर ओसरतो न ओसरतो तोच दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशा बेताने त्यांनी शहराचे रस्ते सजविले.

हीच अभिरुची पुढे घरोघरच्या आवारात उतरली. भरगच्च पाकळ्यांची फुले कुंड्यांत आली. त्यांचे रूप डोळ्यांत भरते; परंतु अशा फुलांत पुष्कळदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मग मधमाशीला पराग मिळावा कोठून?

या थाटात कुंपणावरची कोरांटी मागे पडली. संस्कृतात कुरंटक, मराठीत कोरांटी, कन्नडात गोरंटे! 1638 नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हा तेथे गेलेल्या मराठी माणसाला निदान हे नाव तरी परके वाटले नसावे. हे काटेरी झुडूप याच भूमीचे, वर्षानुवर्षे टिकणारे. पावसाळा सरता सरता ते पिवळ्या फुलांनी बहरते. फुलाच्या नळीत तळाशी मध असतो. त्यासाठी शिंजीर, फुलपाखरे व मधमाश्या येतात.

जिवंत कुंपणे जाऊन सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या, तसे या पाहुण्यांचे वाटेवरचे अन्नछत्र मोडले. लालबागेसारखे एक मोठे उद्यान सबंध शहराची ही उणीव भरून काढू शकत नाही. ते काम घरोघरच्या परसांचे आहे. त्याला खर्चही फारसा नाही. पावसाळ्याच्या तोंडी कोरांटीची फांदी उन्हाच्या जागी, पाणी न साचणाऱ्या मातीत लावावी, बहर ओसरल्यावर छाटावी, आणि कीटकनाशक मात्र फवारू नये. पुढे बोंडे ओलाव्याने तडकतात आणि बी आपोआप दूर उडते.

दुर्मीळ ते जमविण्यात बंगळूरच्या बागांची अडीच शतके गेली. आता दाराशी होते ते परत लावण्याची पाळी आली आहे.