बॉथेलची बिअर आणि मराठी ताट

सिअ‍ॅटलच्या ईशान्येस, लेक वॉशिंग्टनच्या उत्तर टोकाशी समामिश नदीच्या काठावर वसलेले बॉथेल हे सुमारे ४८ हजार वस्तीचे शहर किंग आणि स्नोहोमिश या दोन काउंट्यांत विभागलेले आहे. शहराच्या मध्यवस्तीत १९३१ साली बांधलेली शाळेची एक जुनी इमारत आहे. अँडरसन स्कूल या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू ओरेगॉनमधील मॅकमेनामिन्स कंपनीने दुरुस्त करून २०१५ मध्ये नव्या रूपात खुली केली. वर्गखोल्यांत आता पाहुण्यांच्या निवासाच्या खोल्या आहेत. आवारात चित्रपटगृह, पोहण्याचा तलाव, उपाहारगृहे आणि स्वतंत्र ब्रुअरी आहे. रेडमंड-बेलव्ह्यूच्या कचेऱ्यांतून घरी परतणाऱ्या मराठी अभियंत्याला ‘शाळेत जाऊन बिअर पिणे’ हा वाक्प्रयोग येथे अक्षरशः वापरता येतो.

या परिसरात लहान ब्रुअरी म्हणजे किती लहान, याला ठराविक माप नाही. बॉथेलमध्येच २०१० साली एका घराच्या गॅरेजमध्ये ‘फॉगी नॉगिन’ ही ब्रुअरी सुरू झाली. ती एका वेळी अर्धे पिंप, म्हणजे सुमारे ५८ लिटर, बिअर करीत असे आणि तीही इंग्रजी पद्धतीच्या सौम्य, माल्टप्रधान प्रकारांची. उलट, वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात वर्षाला ६० हजार पिंपांपेक्षा, म्हणजे सुमारे ७० लाख लिटरपेक्षा, कमी उत्पादन करणारी प्रत्येक ब्रुअरी ‘मायक्रोब्रुअरी’ ठरते. राष्ट्रीय व्यवसाय संघटनेची व्याख्या आणखी सैल आहे. तिच्यात उत्पादनाची मर्यादा ६० लाख पिंपांची आहे. मात्र मोठ्या मद्य कंपनीची मालकी २५ टक्क्यांहून कमी असावी लागते. ‘क्राफ्ट’ या शब्दाचा खरा रोख आकारापेक्षा मालकीकडे आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

या चळवळीला फार जुना इतिहास नाही. घरी बिअर करण्यास केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये परवानगी दिली, तेव्हा सबंध अमेरिकेत शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. १९८१ मध्ये पॉल शिपमन आणि स्टारबक्सचे एक संस्थापक गॉर्डन बोकर यांनी सिअ‍ॅटलमध्ये रेडहूक काढली. १९८२ मध्ये बर्ट ग्रँट यांनी याकिमा येथे स्वतःची ब्रुअरी आणि तिला जोडून पब उघडला. आज देशात नऊ हजारांहून अधिक ब्रुअऱ्या आहेत आणि त्यांतील चारशेहून अधिक एकट्या वॉशिंग्टन राज्यात आहेत.

‘स्थानिक’ म्हणजे काय?

‘स्थानिक घटकांपासून बनवलेली’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक टॅपरूमच्या फळ्यावर दिसतात. बॉथेलच्या बाबतीत त्यांत खरोखर तथ्य आहे, कारण येथे बिअरचा पायाच स्थानिक आहे. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट या चार घटकांपैकी हॉप्ससाठी तर जगातील अनेक ब्रुअर याच राज्याकडे पाहतात. अमेरिकेतील सत्तर टक्क्यांहून अधिक हॉप्स वॉशिंग्टनमध्ये पिकतात आणि त्यांचे मुख्य क्षेत्र म्हणजे कॅस्केड पर्वतरांगेच्या पलीकडचे याकिमा खोरे. ते सिअ‍ॅटलपासून सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. पर्वताची पश्चिम बाजू ओली आणि ढगाळ, तर पूर्व बाजू कोरडी आणि उन्हाची. हॉप्सच्या वेलाला लांब दिवसांचा उन्हाळा लागतो. पर्वतावरून येणाऱ्या कालव्याच्या पाण्यामुळे त्या कोरड्या जमिनीत तो पाच-साडेपाच मीटर उंच दोऱ्यांवर चढतो.

बिअरसाठी लागतात ती केवळ मादी वेलाची शंकूच्या आकाराची फुले. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी लुप्युलिन ही पिवळी, चिकट भुकटी असते. ती बराच वेळ उकळली की कडवटपणा उतरतो, पण सुगंधी तेले उडून जातात. म्हणून सुगंधासाठी हॉप्स अखेरीस किंवा बिअर गार झाल्यावर घालतात. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर यांत जो भेद, तोच येथे आहे. १९७२ साली लागवडीसाठी खुल्या झालेल्या ‘कॅस्केड’ या वाणाचा गंध पपनसाशी जवळचा आहे. ‘सिमको’ पाइनच्या झाडाची आठवण करून देते, तर ‘सिट्रा’ आंबा-लिचीची. अमेरिकी पेल एल आणि आयपीए यांची ओळख याच वाणांनी घडवली.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, या नावातील भारताविषयी एक दंतकथा नेहमी सांगितली जाते. मुंबई-कलकत्त्यापर्यंतच्या समुद्रप्रवासात बिअर टिकावी म्हणून ती मुद्दाम शोधून काढली, असे म्हणतात. इतिहासाचे अभ्यासक हे मान्य करीत नाहीत. जास्त हॉप्सची पेल एल इंग्लंडात आधीपासून होत असे आणि काळी पोर्टरही त्याच जहाजांतून भारतात येत असे. आजच्या याकिमा-वळणाच्या आयपीएचे त्या जुन्या बिअरशी नात्यापेक्षा नावाचेच साम्य अधिक.

माल्टची प्रक्रिया मराठी घराला अपरिचित नाही. नाचणीचे सत्त्व करताना धान्य भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे आणि दळायचे. बार्लीचेही तेच होते. मोड येताना धान्यात जी विकरे तयार होतात, ती पुढे कोमट-गरम पाण्यात पिष्टाची साखर करतात. वाळवताना धान्य किती भाजले यावर बिअरचा रंग आणि बिस्किटापासून कॉफीपर्यंतचा स्वाद ठरतो. कोलंबिया नदीकाठच्या व्हँकुव्हर शहरातील ग्रेट वेस्टर्न माल्टिंग ही कंपनी १९३४ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर करीत आली आहे. बॉथेलच्या उत्तरेकडील स्कॅजिट खोऱ्यातील शेतकऱ्यांचे निवडक धान्य घेऊन वेगवेगळ्या चवींचे माल्ट करणारी स्कॅजिट व्हॅली माल्टिंग मात्र जून २०२३ मध्ये अचानक बंद पडली. तिच्या माल्टवर बेतलेल्या पाककृती ब्रुअरांना बदलाव्या लागल्या आणि बार्ली पेरून बसलेल्या शेतकऱ्यांना दुसरे गिऱ्हाईक शोधावे लागले. स्थानिक साखळीतली एक कडी तुटली की दोन्ही टोकांना झळ लागते. ग्राहकाला ती दिसत नाही. ग्लास भरलेलाच असतो.

हॉप्सच्या शेतीचीही तीच कथा आहे. क्राफ्ट बिअरच्या भरभराटीत लागवड वाढत गेली, २०२१ मध्ये ती शिखराला पोहोचली आणि मागणी मंदावल्यावर शेतकऱ्यांना वेल उपटावे लागले. बॉथेलहून नदीकाठच्या सायकलमार्गाने वुडिनव्हिलला गेले तर या चढउताराची खूणच पाहायला मिळते. रेडहूकने १९९४ मध्ये तेथे मोठी ब्रुअरी उभारली. त्याच वर्षी अँहायझर-बुशने कंपनीत सुमारे पाव हिस्सा घेतला आणि पुढे ‘क्राफ्ट’च्या व्याख्येतून ती बाहेर पडली. २०१७ मध्ये ती ब्रुअरी बंद झाली. आता त्या वास्तूत वाइनचे उत्पादन होते.

पुण्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी तेथे डूलाली सुरू केली आणि भारतातील मायक्रोब्रुअऱ्यांचे पर्व उघडले. पण हिमाचलातील लाहौलची अल्प लागवड सोडली तर भारतात हॉप्स नाहीत. ते परदेशातून आणावे लागतात. त्यामुळे पुणेरी ब्रुअरचे स्थानिकपण पायात नसून वरच्या मजल्यावर असते. कोकम घालून केलेली खारट-आंबट बिअर हे त्याचे बोलके उदाहरण. बॉथेलमध्ये कडवटपणा स्थानिक, पुण्यात आंबटपणा. कोणत्या पदार्थाबरोबर काय घ्यावे याचे उत्तरही या भेदावर अवलंबून आहे.

तिखट आणि कडू

वॉशिंग्टनमधील अनेक टॅपरूमना स्वतःचे स्वयंपाकघर नसते. बाहेर खाद्यपदार्थांची गाडी उभी असते, किंवा गिऱ्हाइकाने आपले खाणे बरोबर आणलेले चालते. निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. मराठी घरातला डबा टॅपरूमच्या टेबलावर उघडला जाण्याची सोय अशी झाली आहे, आणि तेथेच खरा प्रश्न उभा राहतो.

‘मसालेदार जेवणाबरोबर आयपीए’ हा सल्ला अमेरिकी खाद्यलेखनात वारंवार आढळतो. मराठी तिखटाच्या बाबतीत तो बहुधा चुकतो. मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे बिअरच्या घोटाने ते धुतले जात नाही. शिवाय तोंडातील जो मज्जाग्राही तिखटाची जळजळ जाणवून देतो, तोच मद्यार्कानेही चेतवला जातो. बिअरमधील वायूची चुरचुर त्यात भर घालते आणि हॉप्सचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. सात टक्के मद्यार्काची आयपीए आणि कोल्हापुरी तांबडा रस्सा एकत्र आले की दोन्ही एकमेकांना चढवतात आणि चव कोणाचीच कळत नाही. ज्यांना तो आगडोंब हवा असतो त्यांची गोष्ट वेगळी.

तिखटाला उतारा माल्टच्या गोडव्याचा आणि कमी मद्यार्काचा. मिसळीबरोबर साधी हेलेस लागर किंवा जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर घ्यावी. यीस्टमुळे या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा गंध येतो, तो कोथिंबीरवडीला आणि बटाटेवड्यालाही जुळतो. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये तर धणे आणि संत्र्याची साल घालतातच. पोहे किंवा साबुदाण्याचे वडे यांच्याशी तिचे सहज जमते.

काळ्या मसाल्याची बाजू स्टाउट आणि पोर्टर सांभाळतात. भाजलेले सुके खोबरे, तीळ, दगडफूल यांची खमंग, किंचित धुरकट चव आणि काळ्या भाजलेल्या बार्लीची कॉफीसारखी चव एकाच कुळातली आहे. भरली वांगी, मटण सुके, खानदेशी शेवभाजी यांच्याबरोबर मॅकमेनामिन्सची ‘टर्मिनेटर’ स्टाउट घेऊन पाहण्याजोगी आहे. ती बर्फासारखी थंड पिऊ नये. दहा-बारा अंशांवर तिचा स्वाद उघडतो. विदर्भाच्या सावजी रश्श्यापुढे मात्र स्टाउटही हात टेकते. तेथे ताकच बरे.

मग हॉप्सचे काय करायचे? कडवटपणाला मीठ आणि स्निग्धता आवरते, हे ध्यानात ठेवले की वाट सापडते. पेल एल किंवा बेताची आयपीए तळलेल्या, खारट आणि कमी तिखट पदार्थांबरोबर खुलते. सुरमईची रवा लावून तळलेली तुकडी, कांदाभजी, लोण्याचा गोळा ठेवलेले थालीपीठ ही तशी उदाहरणे. तेलकटपणा कापणे हे कडवटपणाचे आणि बुडबुड्यांचे खरे काम. मेथी-कारल्याची सवय असलेल्या जिभेला हॉप्स परके वाटू नयेत. आपल्याकडे कारल्याला गूळ-चिंच लावतात, तेच काम येथे माल्ट करते. सिअ‍ॅटलच्या बाजारातील सॅमन आणि डंजनेस खेकडा मालवणी मसाल्यात शिजवणारी मराठी घरे बरीच आहेत. नारळाच्या दुधाचे कालवण असेल तर अ‍ॅम्बर एल, आणि सोलकढी ताटात असेल तर मीठ-धण्यांची आंबट ‘गोझे’. पुरणपोळीला गडद, गोडसर डॉपलबॉक चालते. श्रीखंडाबरोबर रासबेरीची ‘रूबी’ चांगली लागते, पण केशर-वेलदोड्याचा गंध त्यात थोडा हरवतो.

एका पाइंटचे गणित

चवीपलीकडचा एक हिशेब येथील मराठी व्यावसायिकाने पक्का ठेवावा. अमेरिकेत एक ‘प्रमाण पेय’ म्हणजे पाच टक्के मद्यार्काच्या बिअरचे बारा औंस. टॅपरूममध्ये सोळा औंसांचा ग्लास मिळतो आणि आयपीए सात टक्क्यांची असते. तो एक ग्लास जवळजवळ दोन पेयांइतका भरतो. रक्तातील मद्यार्काची कायदेशीर मर्यादा ओलांडली नसली, तरी मद्याचा परिणाम वाहन चालवण्यावर दिसत असल्यास वॉशिंग्टनमध्ये गुन्हा नोंदवता येतो. ज्यांचे वास्तव्य एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर आहे त्यांच्यासाठी परिणाम आणखी दूरचे आहेत. २०१५ पासूनच्या धोरणानुसार, मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल केवळ अटक झाली असेल, दोष सिद्ध झाला नसेल, तरीही परराष्ट्र खाते पासपोर्टवरील व्हिसा रद्द करू शकते. पुढच्या भारतभेटीनंतर परतताना नवा व्हिसा मिळवावा लागतो आणि त्या वेळी वैद्यकीय तपासणीही मागितली जाऊ शकते. चार-पाच औंसांच्या छोट्या ग्लासांचा ‘फ्लाइट’ दोघांत वाटून घेणे आणि परतीची गाडी न पिणाऱ्याच्या हाती देणे, अशी पद्धत अनेक मित्रमंडळांनी ठेवली आहे.

बॉथेलच्या टॅपरूमला भेट देण्याचा उत्तम काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा. ऑगस्टअखेर याकिमात हॉप्सची काढणी सुरू होते. एरवी ही फुले भट्टीत वाळवून, दाबून वर्षभर वापरतात. या काही आठवड्यांत मात्र ती ओलीच, तोडल्यापासून साधारण चोवीस तासांच्या आत, ब्रुअरीच्या कढईत पडतात. त्यासाठी ब्रुअर रात्री पर्वत ओलांडून जातात आणि पहाटे पोती घेऊन परततात. या ‘फ्रेश हॉप’ बिअरमध्ये कापलेल्या गवताचा, हिरव्या सालीचा गंध असतो आणि तो फार दिवस टिकत नाही. ऑक्टोबर संपेपर्यंत पिंपे रिकामी होतात. त्याच सुमारास बॉथेलच्या मराठी घरांत भाजणी भाजली जाते. ताज्या हॉप्सच्या पेल एलबरोबर तीळ-ओवा घातलेली खमंग चकली हा योग वर्षातून एकदाच येतो, आणि दिवाळी उशिरा असली तर तोही चुकतो.