ब्याण्णव क्रमांकाची जागा

संगणकाची भाषा इंग्रजीवरून जपानी केली की कधीकधी एखादा जुना प्रोग्रॅम सुरू होता होताच बंद पडतो. माणूस म्हणतो, यंत्र बिघडलं. यंत्र बहुधा धडधाकट असतं. या बिघाडामागे लिपीचा इतिहास आहे, म्हणूनच माझ्यासारख्या मराठीत कविता लिहिणाऱ्याला तो सांगावासा वाटतो.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ हा संकेत ठरला. त्यात १२८ जागा. इंग्रजीला त्या पुरेशा. ९२ क्रमांकाच्या जागेवर उलटी तिरकी रेघ बसली. पुढे जपानने १९६९ च्या आपल्या संकेतात तीच जागा येनच्या चिन्हाला दिली. विंडोजमध्ये फाइलच्या पत्त्यात एक फोल्डर दुसऱ्यापासून वेगळा करते ती हीच रेघ. जपानी विंडोजवर तिथे येनचं चिन्ह दिसतं, ते त्यामुळेच.

खरा पेच कांजींचा. १९७८ च्या जपानी मानकात ६,३४९ कांजी होत्या. त्याच वर्षी तोशिबाने जेडब्ल्यू-१० हा पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जाहीर केला. किंमत ६३ लाख येन! एका बाइटमध्ये २५६ च आकडे मावतात, तेव्हा एका अक्षराला दोन बाइट देणं भाग होतं. १९८० च्या दशकात घरगुती संगणकांवर ‘शिफ्ट-जिस’ ही पद्धत रुळली. तिच्यात दुसरा आकडा ९२ असलेला चालत असे. कातकाना लिपीतला ‘सो’ म्हणजे १३१ आणि ९२. ‘तक्ता’ या अर्थाची ‘ह्यो’ ही कांजी म्हणजे १४९ आणि ९२.

आता एका अक्षराला एकच बाइट, असं गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम घ्या. त्याला ‘सो’चा उत्तरार्ध फोल्डरची सीमा वाटतो. पत्ता मधूनच तुटतो, फाइल सापडत नाही आणि प्रोग्रॅम कोसळतो. अशा अक्षरांना जपानीत ‘दामेमोजी’, म्हणजे निकामी अक्षरं, असं नाव पडलं.

उपाय साधे आहेत. प्रोग्रॅम रोमन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून पाहावा. वापरणाऱ्याचं खातं जपानी नावाचं असेल, तर रोमन नावाचं नवं खातं काढून पाहावं. तेवढ्याने भागलं नाही, तर युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रॅमसाठी निवडलेली भाषा पूर्ववत करून संगणक पुन्हा सुरू करावा.

पण पाहा, काय सुचवलं आपण? यंत्र चालावं म्हणून माणसाने आपलं नाव परक्या लिपीत लिहावं! निकामी त्याचं अक्षर ठरलं. खोट मात्र दुसऱ्याच्या गृहीतात होती.

हे दुखणं आपल्याही ओळखीचं आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. तरी पुढे अनेक वर्षं मराठीची छपाई ज्या त्या फॉन्टच्या स्वतंत्र संकेतावर चालली. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर कविता उघडली, की रोमन अक्षरांचा नुसता पाचोळा. जपानी लोक त्याला ‘मोजिबाके’ म्हणतात, अक्षरांनी घेतलेलं सोंग.

जुन्या फॉन्टमधलं लेखन कुणाच्या कपाटातल्या सीडीवर पडून असेल, तर फॉन्ट हाताशी आहे तोवर ते युनिकोडमध्ये आणून घ्या. कागदावरची शाई फिकट होत होत वाचता येते. इथे आकडे शाबूत राहतात, आणि त्यांचा अर्थ सांगणारं कुणी उरत नाही.