क्यासनूर ते दोडामार्ग

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे नाव कोरोनाने घरोघरी पोचवले, पण संस्था १९५२ची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढलेले ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ ते हेच. आजचे नाव १९७८मध्ये मिळाले.

पाच वर्षांतच मोठे काम अंगावर आले. १९५७मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासचे गावकरी तापाने फणफणले. पिवळा ताप तर नव्हे, अशी धास्ती होती. पुणेकर शास्त्रज्ञांना सापडला तो नवाच विषाणू, गोचिडींवाटे माणसात येणारा. आपण माकडताप म्हणतो तो हाच. तेव्हाचे विषाणू संस्थेने जपून ठेवले. माझ्या मते तिची खरी दूरदृष्टी ही. जनुकसंहिता वाचण्याचे यंत्र पैसे मोजले की येते. १९५७चा विषाणू कुठून आणणार?

विषाणूची नक्कल होताना जनुकसंहितेत बारीक चुका होतात आणि त्या पुढच्या पिढीत उतरतात. चुका जुळल्या की भटांच्या वहीतल्यासारखी वंशावळ मांडता येते. मात्र त्यासाठी जुनी पाने हाताशी हवीत.

चिकुनगुनियाचेच पाहा. १९६३मध्ये कोलकाता, १९७३मध्ये बार्शी, मग तीन दशके जवळपास शांतता. २००५-०६मध्ये तो उसळला. जुनाच रोग परतला, असे कुणालाही वाटले असते. संस्थेने जुने-नवे विषाणू ताडून पाहिले, तर आधीचे आशियाई वंशाचे आणि हे आफ्रिकी निघाले. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे दौंड तालुक्यातल्या यवतच्या डासांतून २००० साली मिळालेला विषाणूही आफ्रिकी वंशाचाच होता. साथीच्या पाच वर्षे आधी हा वंश पुण्याच्या उंबरठ्यावर होता!

माकडताप २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गकडे दिसला. काजूच्या बागांत राबणारी माणसे आजारी पडली. संस्थेने १९५७ ते २०१७ या काळातल्या ४८ संपूर्ण जनुकसंहिता तपासल्या. त्यांतल्या ४६ तिनेच वाचलेल्या. नवे विषाणू जुन्यांहून सुमारे २.७६ टक्के वेगळे होते, आणि ही शाखा १९८०च्या आसपास फुटली असावी. वाट कर्नाटकातून गोवा-महाराष्ट्राकडे आलेली दिसली, तर २०१३च्या सुमारापासून महाराष्ट्र हाच प्रसाराचा नवा उगम. अशा तारखा अर्थात अदमासाच्या. नमुने थोडे असले की ताळा कच्चा राहतो.

कोरोनाच्या वेळी भारतातल्या पहिल्या दोन जनुकसंहिता याच संस्थेने वाचल्या. तो इतिहास ताजा आहे.

माकडतापाबाबत सिंधुदुर्ग-गोव्यातल्या वाचकांना एवढेच सांगणे: रानात किंवा बागेत माकड मरून पडलेले दिसले, तर हात लावू नका आणि त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.