आंबट किती, याचे मोजमाप

चिंच आंबट असते हे लहान मूलही सांगेल. पण किती आंबट, असे विचारले, तर विसाव्या शतकाच्या आरंभी भल्या भल्या रसायनशास्त्रज्ञांनाही सुटसुटीत उत्तर देता येत नव्हते. ते उत्तर सापडले डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे, आणि तेही एका बिअरच्या कारखान्याने काढलेल्या प्रयोगशाळेत.

कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेचे रसायन विभागप्रमुख सोरेन्सन हे जीवांतील विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, काम करीत होते. द्रावणाची आम्लता थोडी बदलली की विकराचे काम एकदम मंदावते किंवा वाढते, असे त्यांना दिसे. पण मापच नाही, तर सांगायचे कसे? म्हणून १९०९ साली त्यांनी हायड्रोजन आयनांचे प्रमाण दर्शवणारी मोजपट्टी मांडली. हाच आपला ‘पी. एच.’. शुद्ध पाण्याचा पी. एच. सात, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. ही पट्टी मात्र साधी नव्हे. एक अंक खाली उतरलात की आम्लता दहापट होते!

आता आपले रक्त पाहा. धमनीतल्या रक्ताचा पी. एच. ७.३५ ते ७.४५ इतक्या अरुंद वाटेने चालतो. तो ७.४ वरून ७.१ वर आला, तर फरक दिसायला चिमूटभर. पण हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात. हा तोल राखतात कोण? रक्तातले बायकार्बोनेट, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे. आपण श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. तो आत साचला, तर त्याचे कार्बनिक आम्ल बनते. या तोलाचे गणित अमेरिकेतील हेंडरसन यांनी १९०८ साली मांडले होते. पुढे डेन्मार्कच्याच हॅसलबाल्क यांनी ते पी. एच. च्या भाषेत बसवले.

हे सारे पुस्तकी वाटेल. पण १९५२ साली त्याच कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले येऊ लागली. श्वसनयंत्रे मोजकीच, आणि त्यांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. अहवालात रक्तातील एकूण कार्बन डायऑक्साइड फार वाढलेला दिसे. तो बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात असतो, आणि बायकार्बोनेट पडले अल्कधर्मी. तेव्हा डॉक्टरांनी निदान केले की रक्त अल्कधर्मी झाले आहे.

भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन म्हणाले, नाही, हे उलट आहे. रोग्याला श्वास पुरत नाही, म्हणून वायू साचला आहे. रक्त आम्ल झाले आहे. आकडा तोच, पण अर्थ अगदी विरुद्ध! २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली, आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. साचलेला वायू उतरला, मुलगी वाचली. मग सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तर रोग्यांपर्यंत हा हातांचा श्वास चालला होता. दगावणाऱ्यांचे प्रमाण पुढे निम्म्याहून खाली आले. याच साथीत पाउल अ‍ॅस्ट्रप यांनी रोग्यांच्या रक्ताचा पी. एच. प्रत्यक्ष मोजायला घेतला, आणि इब्सेन यांच्या म्हणण्याला पुरावा मिळाला.

आज आपल्याकडेही अतिदक्षता विभागात मनगटाच्या धमनीतून थोडे रक्त घेतात, आणि काही मिनिटांत पी. एच. व कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी येतात. ते शेजारी का हवेत, हे कोपनहेगनने शिकवले. नुसता एक आकडा पाहून रक्ताचा कल कळत नाही. तराजूचे एकच पारडे पाहून वजन सांगता येत नाही, तसेच हे.