दुधाचाच तर दात!

पोर तोंडावर आपटतं, पुढचा दात हिरडीत घुसतो, आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच, "जाऊ दे गं, दुधाचाच आहे, पडणारच होता!" पडणारच असतो, पण जाताना खूण ठेवून जातो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टर्नर नावाच्या इंग्रज दंतवैद्याला मुलांच्या एखाद्याच पक्क्या दातावर डाग, खड्डे दिसले. माग काढला तर त्याच जागच्या दुधाच्या दाताला पूर्वी पू झालेला! अशा दाताला आजही 'टर्नरचा दात' म्हणतात. दुधाच्या दाताला मार लागला तर पक्क्याचं काय होतं, ते डेन्मार्कच्या आंद्रेआसेन आणि राव्न यांनी १९७१ साली नीट तपासून मांडलं.

कारण साधं आहे. दुधाच्या दाताच्या मुळाशीच पक्क्याचा अंकुर असतो. पुढच्या दातांचं इनॅमल चार-पाच वर्षांपर्यंत घडत असतं, आणि पोरं धडपडतात तीही याच वयात. डाग दिसतो सातव्या-आठव्या वर्षी. तोवर ते पडणं कोणाला आठवतंय?

म्हणूनच निखळलेला दुधाचा दात डॉक्टर परत बसवत नाहीत, खालच्या अंकुराला धक्का नको. तो उंदीरमामाला खुशाल द्या. फक्त पोराला दंतवैद्याकडे नेऊन आणा, आणि पडल्याची तारीख कुठेतरी लिहून ठेवा.