वास्तवदर्शी फाळके

दादासाहेब फाळके म्हणजे पौराणिक चित्रपट, हे समीकरण मराठी समीक्षेत फार रूढ झाले आहे. ते अपुरे आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधीच त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चित्राने टिपली होती, आणि भांडवल मिळाले ते या वास्तवाच्या पुराव्यावर. १९१७ साली, चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणाऱ्या लघुपटात ते स्वतःच पडद्यावर आले. ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) आरंभी तर त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी निरनिराळ्या भावमुद्रा करून दाखविते, आणि मग प्रेक्षकांच्या देखत तिचाच बाळकृष्ण होतो. युक्ती उघडी केल्याने भाविकांचा चमत्कार उणावेल, ही धास्ती या पित्याला शिवलेली दिसत नाही.